सार्वकालिक कसोटी संघ कसा निवडायचा? महाराष्ट्राच्या ‘ऑल टाइम’ अकरात मराठवाडा का नाही?

३ डिसेंबर २००१. मोहालीत भारत आणि इंग्लंड यांच्यातली कसोटी सुरू झाली. भारताकडून त्या सामन्यात तिघांनी कसोटी पदार्पण केलं. एक केरळचे टिनू योहानन. उरलेले दोघे मराठवाड्यात जन्मलेले होते. बीडचे संजय बांगर आणि औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, इक्बाल सिद्दीकी.

दुसऱ्या डावात भारताला जिंकायला फक्त पाच धावा हव्या होत्या. वेगवान गोलंदाज असलेल्या सिद्दीकी यांना थेट सलामीला पाठवण्यात आलं. भारताने दहा गडी राखून सामना जिंकला आणि सिद्दीकी नाबाद परतले. ती त्यांची पहिली कसोटी होती आणि शेवटचीही. बांगर पुढे एकूण १२ कसोटी खेळले.

आता नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या कट्ट्यावर विचारा, ‘महाराष्ट्राची ऑल टाइम टेस्ट टीम सांगा.’ गावसकर, सचिन, वेंगसरकर, झहीर ही नावं लगेच येतील. बांगर आणि सिद्दीकी यांची नावं येतीलच असं नाही.

असं का होतं? आणि मुळात असा संघ निवडतात तरी कसा? सविस्तर पाहूया.

सार्वकालिक संघ म्हणजे नेमकं काय?

वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंमधून निवडलेला अकरा जणांचा काल्पनिक संघ, एवढीच त्याची व्याख्या. हा संघ कधीच मैदानात उतरणार नसतो. तरीही जगभरात असे संघ निवडले जातात आणि दर वेळी वाद होतो.

तीन गाजलेली उदाहरणं घेऊ.

ईएसपीएन क्रिकइन्फोने २०१० मध्ये जाणकारांच्या मंडळाकडून जागतिक संघ निवडून घेतला. त्यात हॉब्स, हटन, ब्रॅडमन, तेंडुलकर, रिचर्ड्स, सोबर्स, गिलख्रिस्ट, मार्शल, वॉर्न, अक्रम आणि लिली होते.

२०११ मध्ये दोन हजारावी कसोटी खेळली गेली. त्या निमित्ताने आयसीसीने चाहत्यांचं ऑनलाइन मतदान घेतलं. चाहत्यांच्या संघात सेहवाग, गावसकर, ब्रॅडमन, तेंडुलकर, लारा, कपिल देव, गिलख्रिस्ट, अक्रम, वॉर्न, मॅकग्रा आणि अँब्रोस आले.

२०१३ मध्ये ‘विस्डेन’ या वार्षिकाच्या दीडशेव्या अंकाच्या निमित्ताने आणखी एक संघ निवडला गेला. त्यात ग्रेस, हॉब्स, ब्रॅडमन, तेंडुलकर, रिचर्ड्स, सोबर्स, नॉट, अक्रम, वॉर्न, मार्शल आणि बार्न्स होते.

तिन्ही संघांत असलेली नावं फक्त चार आहेत. ब्रॅडमन, तेंडुलकर, अक्रम आणि वॉर्न. उरलेल्या सात जागांवर जगाचं एकमत नाही.

आणखी एक फरक पाहा. जाणकारांच्या संघात आणि ‘विस्डेन’च्या संघात एकच भारतीय आहे, चाहत्यांच्या संघात मात्र चार. त्याच चाहत्यांनी गारफिल्ड सोबर्स यांना बाहेर ठेवलं. सोबर्स यांच्या नावावर कसोटीत ८०३२ धावा आणि २३५ बळी आहेत.

म्हणजे ‘कोण निवडतंय’ आणि ‘कोणत्या नियमाने निवडतंय’ हे बदललं की संघ बदलतो. म्हणून नियम आधी ठरवायचे आणि नावं नंतर.

आपले नियम काय असतील?

महाराष्ट्राचा पुरुष कसोटी संघ निवडण्यासाठी आपण चार नियम घेऊ. प्रत्येक नियमाची एक किंमत आहे, तीही सोबत सांगतो.

पहिला नियम: खेळाडूचा जन्म आजच्या महाराष्ट्रात झालेला असावा. राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत. ‘या तीन संघांकडून खेळलेला’ असा नियम लावला तर बांगर यांना जागाच उरत नाही, कारण ते रेल्वेकडून रणजी खेळले. जन्माचा नियम त्यांना आत घेतो. पण हाच नियम जामनगरला जन्मलेल्या विनू मांकड यांना बाहेर काढतो. ४४ कसोटींत २१०९ धावा आणि १६२ बळी, एवढा मोठा अष्टपैलू खेळाडू आपण गमावतो.

दुसरा नियम: फक्त अधिकृत कसोटी सामने धरायचे. भारताची पहिली कसोटी १९३२ मध्ये झाली. त्याआधीचे सगळे खेळाडू या नियमाने बाद होतात.

तिसरा नियम: किमान १० कसोटी खेळलेल्या असाव्यात. आकडा २० केला तर विजय मर्चंट बाहेर जातात, कारण ते बरोबर १० कसोटी खेळले. १० ठेवला तर बांगर पात्र ठरतात, सिद्दीकी ठरत नाहीत.

चौथा नियम: संघ खेळता आला पाहिजे. सर्वाधिक धावा करणारे अकरा जण घेतले तर २० बळी कोण घेणार? दोन सलामीवीर, मधली फळी, एक यष्टिरक्षक आणि वेग व फिरकी असा दोन्ही प्रकारचा मारा हवाच.

वेगवेगळ्या काळांची तुलना कशी करायची?

इथे आकडे फसवू शकतात.

मर्चंट यांच्या कसोटीत फक्त ८५९ धावा आहेत. सचिन तेंडुलकर यांच्या १५,९२१. नुसत्या बेरजा पाहिल्या तर तुलनाच होत नाही. पण १९३६ ते १९४६ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. मधली वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली. फलंदाज म्हणून मर्चंट यांच्या भरात असण्याची ती वर्षं होती. तरीही त्यांची कसोटी सरासरी ४७.७२ आहे आणि प्रथम श्रेणीतली ७१.६४. प्रथम श्रेणीत मोठी कारकीर्द असलेल्या फलंदाजांमध्ये ब्रॅडमन यांच्यानंतर त्यांचीच सरासरी धरली जाते.

म्हणून तीन गोष्टी पाहायच्या. खेळाडू त्याच्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होता? समोरचा संघ आणि खेळपट्टी कशी होती? आणि त्याच्या खेळाने सामन्याचा निकाल बदलला का?

महाराष्ट्राचे अकरा

या नियमांनी तयार होणारा संघ असा.

१. सुनील गावसकर, कर्णधार (मुंबई): १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतकं. कसोटीत दहा हजार धावा करणारे जगातले पहिले फलंदाज. १९७१ च्या पदार्पणाच्या मालिकेत वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा.

२. विजय मर्चंट (मुंबई): कारण वर आलंच आहे.

३. दिलीप वेंगसरकर (राजापूर): ११६ कसोटी, ६८६८ धावा, १७ शतकं. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा सलग तीन दौऱ्यांत शतक.

४. सचिन तेंडुलकर (मुंबई): २०० कसोटी, ५१ शतकं. इथे वाद नाही.

५. विजय हजारे (सांगली): ३० कसोटी, २१९२ धावा, सरासरी ४७.६५. १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हाचे कर्णधार.

६. पॉली उमरीगर (सोलापूर): ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं, वर ऑफस्पिन. भारताकडून कसोटीत पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३.

७. फारुख इंजिनीयर, यष्टिरक्षक (मुंबई): ४६ कसोटी, २६११ धावा, यष्टीमागे ८२ बळी.

८. बापू नाडकर्णी (नाशिक): ४१ कसोटी, १४१४ धावा, ८८ बळी. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं. त्या डावातलं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी.

९. झहीर खान (श्रीरामपूर): ९२ कसोटी, ३११ बळी. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला सामन्यात नऊ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली.

१०. उमेश यादव (नागपूर): ५७ कसोटी, १७० बळी. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचलेले पहिले क्रिकेटपटू.

११. सुभाष गुप्ते (मुंबई): ३६ कसोटी, १४९ बळी. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०२ धावांत नऊ बळी.

सगळ्यात अवघड जागा आठव्या क्रमांकाची होती. रवी शास्त्री यांच्या नावावर ३८३० धावा आणि १५१ बळी आहेत. बेरीज पाहिली तर तेच पुढे. पण या संघाला धावांची चणचण नाही, बळी घेणारे कमी आहेत. नाडकर्णी यांची गोलंदाजीची सरासरी २९ च्या आसपास आहे, शास्त्रींची ४१ च्या जवळ. म्हणून नाडकर्णी.

अजित वाडेकर यांचं काय? १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणारा हा कर्णधार फलंदाज म्हणून या सहा जणांत बसत नाही. रोहित शर्मा आणि अजिंक्य रहाणे यांचंही तसंच. तुम्हाला वाडेकर कर्णधार हवे असतील तर वेंगसरकर यांना वगळावं लागेल. ठरवा.

जे नियमामुळेच बाहेर राहिले

काही नावं अशी आहेत की ती खेळात कमी पडली म्हणून बाहेर नाहीत.

पळवणकर बाळू हे दलित समाजातले डावखुरे फिरकीपटू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात खेळताना मैदानावर ते संघातले सहकारी असत, चहाच्या वेळी मात्र त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं.

दि. ब. देवधर यांनी १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध १४८ धावा केल्या. पहिल्या कसोटीच्या वेळी ते चाळिशीत होते. त्यांना कसोटी मिळालीच नाही.

भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा तेव्हाचा ४५२ चा विक्रम नजरेच्या टप्प्यात असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळायला नकार दिला. निंबाळकरही कसोटी खेळले नाहीत. मुंबईचे पद्माकर शिवलकर प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही कसोटीपासून दूर राहिले, कारण त्यांच्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदी यांच्याकडे होती.

मग मराठवाडा कुठे आहे?

संघाचा जन्मगावांनुसार नकाशा काढा. पाच जण मुंबईचे. उरलेले सहा राजापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, श्रीरामपूर आणि नागपूरचे. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र, विदर्भ सगळे आहेत. मराठवाडा शून्य.

बांगर यांना घेता आलं असतं का? त्यांचे आकडे आहेत १२ कसोटी, ४७० धावा, ७ बळी. नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद शतक. आणि २००२ ची लीड्स कसोटी. ढगाळ हवेत भारताने पहिली फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर बाद झाले. बांगर यांनी २३६ चेंडू खेळून ६८ धावा काढल्या आणि राहुल द्रविड यांच्यासोबत १७० धावांची भागीदारी केली. नंतर तेंडुलकर आणि गांगुली यांनी शतकं ठोकली आणि भारत डावाने जिंकला. शतकं सगळ्यांच्या लक्षात राहिली, त्यांची पायाभरणी कमी जणांच्या. तरीही गावसकर आणि मर्चंट यांच्या जागी बांगर येत नाहीत. केवळ आपल्या भागातले म्हणून घेतलं तर नियमाला अर्थ राहत नाही.

प्रश्न वेगळा आहे. निवडायला मराठवाड्याची नावं इतकी कमी का?

पहिलं कारण इतिहासात आहे. १९३२ मध्ये भारताचं कसोटी क्रिकेट सुरू झालं तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. मुंबईचे जिमखाने, पंचरंगी सामने आणि पुण्याचे क्लब यांतून मर्चंट, हजारे घडत होते ती सगळी वर्षं नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे दुसऱ्या राज्यात होते. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. हैदराबादने १९३७-३८ मध्ये रणजी करंडक जिंकला होता. पण त्या क्रिकेटचं केंद्र हैदराबाद-सिकंदराबाद होतं.

दुसरं कारण रस्त्याचं आहे. अकरा जणांतले मुंबईबाहेरचे सहा पुन्हा पाहा. वेंगसरकर आणि उमरीगर मुंबईकडून खेळले. नाडकर्णी महाराष्ट्राकडून सुरुवात करून मुंबईकडे गेले. हजारे बडोद्याकडून खेळत राहिले. झहीर श्रीरामपूरहून मुंबईला आले आणि रणजीची सुरुवात बडोद्याकडून केली. बांगर रेल्वेत गेले. जन्म गावात झाला तरी कारकीर्द गावाबाहेर घडली. आपल्याच भागाच्या संघातून वर गेलेलं एकच नाव उरतं, उमेश यादव.

आज नांदेडहून पुणे साधारण साडेचारशे किलोमीटर आहे आणि लातूरहून सव्वातीनशेच्या आसपास. मराठवाडा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत येतो आणि तिचं केंद्र पुण्यात आहे. नांदेड जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द पैनगंगा नदीने ठरते. नदीच्या अलीकडे हदगावचा मुलगा पुण्याकडे बघतो आणि पलीकडे उमरखेडचा मुलगा नागपूरकडे, कारण यवतमाळ जिल्हा विदर्भ क्रिकेट असोसिएशनमध्ये आहे.

लातूरकरांना ही गोष्ट लगेच कळेल. ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातली मुलं बारावी आणि मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला येतात. क्रिकेटमध्ये प्रवास उलटा आहे. मूल चांगलं खेळायला लागलं की घरच्यांपुढे पहिला प्रश्न येतो, पुण्याला पाठवायचं का आणि खर्च कसा भागवायचा?

स्वतंत्र संघ हे उत्तर आहे का?

विदर्भाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचता येतं. विदर्भ १९५७-५८ पासून स्वतंत्र संघ म्हणून रणजी खेळतो. पहिलं विजेतेपद मिळालं २०१७-१८ मध्ये. म्हणजे साठ वर्षांनी. नुसता संघ वेगळा असून भागलं नाही, अकादमी, मैदानं आणि प्रशिक्षक यांवर काम व्हावं लागलं. पण त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही विदर्भ जिंकला. उमेश यादव वीस वर्षांचे होईपर्यंत मुख्यतः टेनिस बॉल खेळत होते. त्यांच्या भागात एक रणजी संघ होता, म्हणून लेदर बॉल हातात आल्यावर त्यांचा वेग दिसण्याची जागा जवळच होती.

मराठवाड्यात खेळाडू नाहीत असं म्हणता येत नाही. जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. त्याआधी कूचबिहार करंडकात त्याने नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेलं. १९ वर्षांखालील संघापर्यंतची वाट या भागाला सापडली आहे. तिथून कसोटीची टोपी मिळेपर्यंतची वाट मात्र अजून मिळालेली नाही.

तुमचा संघ निवडताना

पुढच्या वेळी मित्रांमध्ये हा वाद निघाला तर तीन गोष्टी करून पाहा. आधी नियम कागदावर लिहा आणि मधे बदलू नका. प्रत्येक नावासमोर त्याच्या नियमामुळे बाहेर गेलेलं एक नाव लिहा. आणि शेवटी संघातल्या प्रत्येकाचं जन्मगाव आणि तो जिथून खेळला ते गाव शेजारीशेजारी मांडा.

दोन गावं एकच निघाली तर त्या भागात क्रिकेट रुजलं आहे असं समजा. वेगळी निघाली तर खेळाडूला वाट शोधायला घर सोडावं लागलं. बांगर यांच्यापुढे बीड आणि रेल्वे असं लिहावं लागतं. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या नावापुढे तेच गाव दोनदा लिहिता येईल तेव्हा या अकरांपैकी कुणाची जागा धोक्यात येईल, यावर वाद घालायला खरी मजा येईल.